उत्प्रेरकांची गोष्ट, ठाणे-बेलापूर रस्त्यावरून

२०२१ साली बेन्यामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन यांना सेंद्रिय (धातू नसलेल्या, कार्बनी) उत्प्रेरकांसाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. उत्प्रेरक म्हणजे स्वतः न संपता अभिक्रिया वेगाने घडवणारा पदार्थ. बातमी आली नि गेली. पण नवी मुंबईतल्या रबाळे-पावण्याच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं जी डोकेदुखी आहे, तिच्याशी या संशोधनाचा जवळचा संबंध आहे. डोकेदुखी ही की माल तयार होतो, पण मागे उरलेल्याचं काय करायचं?

१९६२ साली एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) स्थापन झाली आणि खाडीपलीकडे रसायन कारखाने उभे राहू लागले. त्या दशकाच्या अखेरीस नोसिल कंपनीचा नाफ्था क्रॅकर (खनिज तेलातला नाफ्था तोडून प्लॅस्टिकचा कच्चा माल काढणारा कारखाना) सुरू झाला, पॉलिओलेफिन्स या कंपनीत जर्मनीच्या होक्स्टच्या साथीने पॉलिथिन बनू लागलं. १९३३ मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीला पॉलिथिन पहिल्यांदा मिळालं ते हजाराहून अधिक वातावरणांच्या दाबाखाली. १९५३ साली कार्ल झिग्लरने टायटॅनियम क्लोराइड आणि अॅल्युमिनियमचं एक संयुग वापरून तेच जवळपास साध्या दाबावर करून दाखवलं. उत्प्रेरकाची करामत म्हणतात ती ही. कृती मात्र बाहेरून आलेली.

औषधं, रंग, सुगंधी द्रव्यं बनवणाऱ्या लहान कारखान्यांची कथा वेगळी. तिथे १८७७ सालची फ्रीडेल-क्राफ्ट्स अभिक्रिया (बेंझिनसारख्या रेणूंना कार्बनचे नवे तुकडे जोडणारी) अजूनही राबते आणि तिचा उत्प्रेरक म्हणजे अॅल्युमिनियम क्लोराइड. पावसाळी हवेत ड्रमचं झाकण उघडलं की पांढरा धूर निघतो, घशाला झोंबतो. दमट हवेत तयार होणारं ते हायड्रोक्लोरिक आम्ल. शिवाय अॅसिलेशन या तिच्या एका प्रकारात तयार झालेला पदार्थच या क्लोराइडला धरून बसतो, म्हणून ते मालाच्या बरोबरीने किंवा जास्तच घालावं लागतं. नावाला उत्प्रेरक, प्रत्यक्षात कच्चा माल! शेवटी बॅच पाण्यात ओतायची, आम्लाचं पाणी चुन्याने मारायचं आणि गाळ उचलायचा. १९९२ साली रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने हिशेब मांडला: औषध उद्योगात किलोभर मालामागे २५ ते १०० किलो, कधी त्याहूनही जास्त कचरा. पावण्याच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे जे पाणी जातं त्यामागे हेच गणित आहे.

यावर एक उतारा म्हणजे झिओलाइट, अॅल्युमिनियम-सिलिकॉनचं सच्छिद्र खनिज. शेवयांच्या तुकड्यांसारख्या पांढऱ्या कांड्या, आत नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रं. जो रेणू छिद्रात मावेल त्याचीच अभिक्रिया होते आणि कांड्या रिअॅक्टरमध्येच राहतात, धुऊन काढाव्या लागत नाहीत. १९८० च्या दशकात पुण्याच्या एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) मध्ये पॉल रत्नसामी यांच्या गटाने देशी झिओलाइट उत्प्रेरक घडवले. त्यात भागीदार होती चक्क सिमेंटवाली एसीसी, जिचं संशोधन केंद्र ठाण्यात होतं. ठाणेकरांना हे फारसं ठाऊक नसतं.

झिओलाइटची मर्यादा अशी की औषधांचे बोजड रेणू त्या छिद्रांत शिरतच नाहीत. तिथे कार्बनचे तुकडे एकमेकांना जोडून देणारं पॅलेडियम, हा मौल्यवान धातू, आलं. हेक, नेगिशी, सुझुकी यांना त्यासाठी २०१० चं नोबेल मिळालं. मात्र गोळीत त्याचा अंश दहा लाखांत दहा भागांच्या आसपासच चालतो, त्यामुळे धातू काढून टाकण्याचा खर्च वाढतो. लिस्टने २०००मध्ये वापरलेल्या प्रोलिन या अमिनो आम्लात धातूच नाही. पण ते मूळ पदार्थाच्या ३० टक्के रेणू इतकं घालावं लागलं होतं, तर पॅलेडियम पुष्कळदा एका टक्क्याहूनही कमी पुरतं. म्हणून कारखानदार अजून दोन्हींचा भाव लावून बघतो.