मॉन्गूस (शब्दव्युत्पत्ती)

मुंगूस या प्राण्याचे इंग्रजी नाव. या शब्दाचा उत्तरार्ध इंग्रजीत हंसाला असलेल्या ‘गूस’ या शब्दासारखा दिसतो व उच्चारलाही तसाच जातो. मात्र त्याचा हंसाशी काहीही संबंध नाही. इंग्रजीचे आधुनिक कोश हा शब्द मराठी ‘मुंगूस’ (‘मंगूस’) यावरून आल्याचे सामान्यतः मानतात.

इंग्रजी लेखनात हा शब्द सतराव्या शतकाच्या अखेरीस आढळतो. ईस्ट इंडिया कंपनीचा वैद्य जॉन फ्रायर १६७३ पासून काही वर्षे मुंबई, सुरत या भागांत होता व जुन्नरपर्यंत जाऊन आला होता. १६९८ मध्ये छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात मुंगूस हा फेरेट या छोट्या शिकारी प्राण्याच्या जातकुळीतला प्राणी असल्याचे म्हटले आहे. पोर्तुगीजांच्या कानांवर मात्र आधी तमिळ नाव पडलेले दिसते. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या १५६३ च्या ग्रंथात श्रीलंकेतील या प्राण्याला ‘क्विल’ किंवा ‘क्विरपेले’ म्हटले आहे. ही रूपे तमिळ ‘कीरी’, ‘कीरिप्पिळ्ळै’ यांची होत.

मूळ भाषेविषयी मतभेद आहेत. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात हा शब्द तेलुगू (मंगीसु, मुंगीस) ठरवला आहे. मात्र प्राणिशास्त्रज्ञ जर्डन ‘मंगूस’ हा दख्खनी व मराठी शब्द सांगतो, हेही तेथे नोंदले आहे. उर्दू-हिंदीचा कोशकार प्लॅट्स याने ‘चपळ’ या अर्थाच्या संस्कृत ‘मक्षु’शी तो जोडून पाहिला, पण ही जोडणी फारच शंकास्पद आहे. हिंदीतून शब्द आला असण्याचा संभव कमी, कारण उत्तरेत ‘नेवला’ व गुजरातीत ‘नोळियो’ ही नावे रूढ असून ती संस्कृत ‘नकुल’च्या कुळातील आहेत.

तेलुगू व मराठी यांतून निवड करताना दुसऱ्या अक्षरातील स्वर पाहावा. तेलुगू ‘मुंगिस’मध्ये तेथे ‘इ’ आहे. इंग्रजीत दीर्घ ‘ऊ’ आहे, आणि मराठीतही तोच. फ्रायरचा वावर पश्चिम किनाऱ्यावर होता, ही गोष्टही मराठीच्या बाजूची आहे. कन्नडमध्ये ‘मुंगिसि’बरोबर ‘मुंगुसि’ असेही रूप मिळते, त्यामुळे केवळ स्वरावरून वाद मिटत नाही. तरीही इंग्रजीला शब्द देणारी निकटची भाषा मराठी मानणे अधिक सयुक्तिक वाटते. विशेष म्हणजे मराठीत हा ‘ऊ’ विभक्तीत टिकत नाही. रानात मुंगूस आडवे गेले की मुले ‘मुंगसा, मुंगसा, तोंड दाखव’ असे म्हणून त्याला रामाची शपथ घालतात. त्या हाकेत ‘ऊ’ गळालेला असतो. परकीयाच्या कानाने टिपले ते प्रथमेचे रूप असावे.

मराठीत तरी हा शब्द कोठून आला? काही कोश प्राकृत ‘मंगुस’पर्यंत मागे जातात. तेलुगू-कन्नडमधील रूपे पाहता शब्द मुळात द्राविडी असून प्राकृतात वा मराठीत शेजारधर्माने आला, हे मत अधिक ग्राह्य आहे.

इंग्रजीत शब्दाची अक्षरे बराच काळ अस्थिर होती. हंसाच्या नावाशी झालेल्या सारखेपणाने आजचे लेखन पक्के केले असावे. हंसाचे अनेकवचन ‘गीस’ होते, म्हणून ‘मॉन्गीस’ असेही क्वचित आढळते. प्रमाण रूप ‘मॉन्गूसेस’ हेच.

शास्त्रीय नामकरणात हा शब्द दूरवर पोचला. ‘मुंगोस’ ही प्रजाती आज ज्या पट्टेदार मुंगसामुळे ओळखली जाते, ते आफ्रिकेत राहते. प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनीअसने १७६६ मध्ये ‘मोंगोझ’ हे नाव ज्याला दिले, तो तर मुंगूसच नव्हे. तो मादागास्करचा लेमूर, म्हणजे माकडासारखा एक प्राणी आहे. १८७२ मध्ये उसाच्या मळ्यांतील उंदरांवर उपाय म्हणून कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकात नेण्यात आली. त्यांची संतती कॅरिबियन बेटांवर पसरली व तिच्याबरोबर हे नावही तेथे रुळले.