निकेल-हायड्रोजन यंत्रातील ‘गुप्त उत्प्रेरक’: एक खुलासा

इटालियन उद्योजक आंद्रेआ रॉसी यांनी जानेवारी 2011 मध्ये इटलीतील बोलोन्या येथे ‘ई-कॅट’ या निकेल-हायड्रोजन यंत्राचे प्रात्यक्षिक दाखवले, तेव्हापासून निकेलच्या भुकटीत हायड्रोजनबरोबर एखादा गुप्त उत्प्रेरक मिसळला की कोल्ड फ्यूजन (प्रचंड तापमानाशिवाय अणुकेंद्रके एकत्र येऊन ऊर्जा सुटणे) घडते, अशी समजूत रूढ आहे. तो पदार्थ कोणता, याचे तर्क अजूनही लढवले जातात.

मुळात हा प्रश्नच चुकीचा आहे. रासायनिक उत्प्रेरक इलेक्ट्रॉनांच्या देवघेवीचा मार्ग सोपा करतो आणि ती देवघेव काही इलेक्ट्रॉन-व्होल्टची असते; प्रोटॉनला, म्हणजे हायड्रोजनच्या केंद्रकाला, निकेलच्या केंद्रकापासून दूर ठेवणारा विद्युत अडसर मात्र काही दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. (म्यूऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण हायड्रोजनची केंद्रके जवळ आणतो हे खरे, पण तो सुमारे 2.2 मायक्रोसेकंदांत नष्ट होतो; ती डबीत दडवून ठेवण्याजोगी पूड नव्हे.)

त्याहून बोलका पुरावा तांब्याचा आहे. या यंत्रात निकेलचे तांबे होते, असा दावा होता. परंतु नैसर्गिक निकेलपैकी सुमारे 68 टक्के निकेल-58 या समस्थानिकाचे (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचा एक प्रकार) असते. त्यात प्रोटॉन शिरल्यास अवघ्या 82 सेकंदांच्या अर्धायुष्याचे किरणोत्सारी तांबे-59 तयार होते आणि त्यातून निघणाऱ्या पॉझिट्रॉनांमुळे (धन विद्युतभाराचे इलेक्ट्रॉन) 511 किलोइलेक्ट्रॉन-व्होल्टचे गॅमा किरण निघायलाच हवेत. ते आढळले नाहीत. उलट, वापरलेल्या भुकटीतील तांब्याच्या समस्थानिकांचे प्रमाण नेहमीच्या नैसर्गिक तांब्यासारखेच निघाले, म्हणजे ते निकेलपासून बनल्याचे दिसत नाही.