हळदीचा खटला आणि वाळवलेली फांदी

अमेरिकेने आपल्या हळदीचे पेटंट पळवले होते आणि आजीच्या बटव्याने ते परत मिळवून दिले, अशा आशयाचा संदेश दर काही महिन्यांनी मोबाइलवर फिरून येतो. त्यातला पहिला भाग अर्धवट खरा आहे आणि दुसरा चुकीचा आहे. मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालेले ते पेटंट हळद या वनस्पतीवर नव्हते, तर जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर होते, आणि ज्या दोघांच्या नावे तो शोध नोंदवला गेला ते संशोधक भारतीय वंशाचेच होते. डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, १९९६ मध्ये त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. जखमेवर हळद दाबतात हे गिरगावात वाढलेल्या माशेलकरांना कोणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती. तरीही परिषदेने पुढे केले ते ३२ लेखी संदर्भ, ज्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलेला एक शोधनिबंधही होता.

याचे कारण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात सापडते. पेटंट नव्या गोष्टीलाच मिळते, आणि अर्जाच्या आधी जे जगाला ठाऊक होते त्याला पूर्वज्ञान म्हणतात. अमेरिकेच्या हद्दीत एखादी गोष्ट लोकांना नुसती माहीत असली किंवा वापरात असली तरी ती पूर्वज्ञानात धरली जाई. परदेशातील गोष्टीसाठी मात्र ती छापून प्रसिद्ध झालेली किंवा पेटंट झालेली असणे आवश्यक होते. म्हणजे टेक्सासमधील एका माणसाच्या सवयीला जे वजन होते ते कोकणातील लाखो घरांच्या रोजच्या व्यवहाराला नव्हते. हा भेद २०१३ पासून लागू झालेल्या सुधारणेने काढून टाकला. युरोपात तो आधीपासून नव्हता, तरी तिथेही कडुनिंबाच्या बुरशीनाशकाचे पेटंट २००० साली रद्द झाले (आणि त्यावरचे अपील २००५ साली फेटाळले गेले) तेव्हा ‘शेतकरी पूर्वापार वापरतात’ हे मोघम विधान पुरेसे ठरले नाही; पुणे आणि सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ साली घेतलेल्या प्रत्यक्ष चाचण्यांची साक्ष महत्त्वाची ठरली. कोणी, कुठे, केव्हा आणि नेमके काय केले, एवढे सांगता आले पाहिजे.

म्हणून पारंपरिक ज्ञान लिहून ठेवावे, असा सल्ला सगळेच देतात, आणि तो योग्यच आहे. परंतु पारंपरिक औषधी वनस्पतींवरील शोधनिबंधांचा मोठा भाग अशा तक्त्यांचा असतो, ज्यांत एका रकान्यात स्थानिक नाव, दुसऱ्यात शास्त्रीय नाव आणि तिसऱ्यात ‘पोटदुखीवर उपयुक्त’ एवढेच लिहिलेले असते. अशी नोंद न्यायालयातही उभी राहत नाही आणि प्रयोगशाळेतही.

एक साधे उदाहरण पाहू. पावसाच्या तोंडावर दादरच्या किंवा बोरिवलीच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. हा सुरणाच्या प्रजातीतील एका जंगली कंदाचा मोहोर असून तो पानांच्या आधी जमिनीतून वर येतो. त्याच्या ऊतींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ज्यांमुळे नीट न शिजवलेली भाजी घशाला खाजते. म्हणूनच त्याच टोपलीत काकडाची हिरवी, आंबट फळे ठेवलेली असतात आणि जाणकार गिऱ्हाईक जुडीबरोबर ती मागून घेते. आता ‘शेवळ : रानभाजी, जून’ अशी नोंद कोणी केली, तर त्याने ज्ञानाचे टरफल नोंदवले आणि गर टाकून दिला. मोहोराचा कोणता भाग काढून टाकायचा, काकडाचा रस केव्हा आणि किती घालायचा, किती वेळ शिजवायचे, हीच खरी माहिती आहे, आणि काकडाच्या आंबटपणाने खाज खरोखर किती कमी होते हे तपासता येण्यासारखा प्रश्नही तिच्यातूनच निघतो.

त्याहून अवघड अडचण नावाची आहे. शंखपुष्पी म्हणून देशाच्या निरनिराळ्या भागांत किमान तीन वेगळ्या वनस्पती दिल्या जातात, आणि गोकर्ण ही त्यांपैकी एक आहे. ब्राह्मी मागितली तर कोणी जलब्राह्मी देतो, कोणी मंडूकपर्णी. हा घोळ किती महागात पडू शकतो हे ब्रुसेल्समध्ये दिसले. तेथील एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात चिनी वनौषधींचे मिश्रण घेतलेल्या स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचा पहिला अहवाल आला. ‘फांग-जी’ हा शब्द नावात असलेल्या दोन वनस्पतींपैकी एकीच्या जागी दुसरी, ॲरिस्टोलोकिया प्रजातीतील, मिश्रणात गेली होती, आणि तिच्यातील ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंडासाठी विषारी असून कर्करोगही घडवते. बाधितांची संख्या पुढे शंभरावर गेली. आपल्याकडे सर्पदंशावर हमखास म्हणून सांगितली जाणारी ईश्वरी याच प्रजातीतली आहे. पूर्वापार चालत आले म्हणजे निर्धोक असलेच पाहिजे, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

या अडचणीवर वनस्पतिशास्त्राकडे एक जुना उपाय आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातील तीच सर्वांत देखणी गोष्ट आहे: वाळवलेला नमुना. माहिती सांगणारी व्यक्ती ज्या झाडाकडे बोट दाखवते त्याच झाडाची, फूल किंवा फळ असलेली फांदी तोडायची. ती वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये अशी पसरायची की किमान एक पान पालथे राहील, कारण पानाच्या मागच्या बाजूची लव आणि शिरा ओळखीसाठी लागतात. मग ती दाबयंत्रात आवळायची आणि कागद बदलत राहायचे. सह्याद्रीच्या पावसात हे दररोज आणि प्रसंगी दिवसातून दोनदा करावे लागते, नाही तर बुरशी धरते. वाळल्यावर जे नाहीसे होणार आहे ते त्याच वेळी वहीत उतरवायचे: फुलाचा रंग, वास, मोडल्यावर चीक येतो का, झाडाची उंची. शेवटी जाड कागदावर नमुना शिवून किंवा चिकटवून त्याच्या कोपऱ्यात लेबल लावायचे, ज्यावर ठिकाण, दिनांक, गोळा करणाऱ्याचे नाव आणि त्याचा क्रमांक असतो. असे कागद जिथे कपाटांत क्रमवार ठेवले जातात त्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात. मुंबईतील सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लॅटर हर्बेरियम हा संग्रह १९०६ सालापासूनचा आहे.

या कागदाची खरी करामत पुढे दिसते. समजा, गोळा करणाऱ्याने वनस्पतीचे नाव चुकीचे लिहिले आणि ४० वर्षांनी एखाद्या तज्ज्ञाच्या ते लक्षात आले. तो जुने लेबल फाडत नाही. आपले मत, नाव आणि साल लिहिलेली एक लहान चिठ्ठी शेजारी चिकटवतो. सातबाऱ्यावरील फेरफारांप्रमाणे त्या एका कागदावर ओळखीचा सगळा इतिहास साठत जातो. शोधनिबंधात त्या नमुन्याचा क्रमांक छापलेला असेल, तर निबंधातले नाव चुकलेले असूनही माहिती वाया जात नाही, कारण मूळ फांदी जाग्यावर असते, तिच्यातील एखाद्या तुकड्यावरून डीएनएसुद्धा तपासता येतो. क्रमांक नसेल तर मात्र ‘शंखपुष्पी, स्मरणशक्तीसाठी’ या ओळीचा अर्थ कोणालाच, कधीही लावता येणार नाही.

बाजारात सोन्याच्या भावाने विकली जाणारी सफेद मुसळी शास्त्रात क्लोरोफायटम बोरिविलिआनम या नावाने ओळखली जाते. हो, बोरिवलीवरूनच. सेंट झेवियर्समधील फादर सांतापाव आणि फर्नांडिस यांनी या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि आपल्या उपनगराचे नाव जगभरच्या औषधी ग्रंथांत जाऊन बसले. पावसाळ्यात फोडशी किंवा कुलू म्हणून तिच्या पानांची भाजी खाणाऱ्या मुंबईकरांना याची कल्पना नसते. (मुसळीच्या बाटलीवर जे दावे छापलेले असतात त्यांची जबाबदारी अर्थातच बोरिवलीची नाही.)

वनस्पती निश्चित झाली की प्रश्न येतो माहितीच्या विश्वासार्हतेचा. एकाने सांगितले म्हणून लिहायचे की दहांनी सांगितले म्हणून? यासाठी ट्रॉटर आणि लोगन या संशोधकांनी १९८६ साली एक निर्देशांक सुचवला. एखाद्या आजारगटासाठी मिळालेल्या एकूण उल्लेखांतून त्यांत आलेल्या वनस्पतींची संख्या वजा करायची आणि उत्तराला ‘एकूण उल्लेख उणे एक’ने भागायचे. समजा, जखमांसाठी ४० उल्लेख आले आणि त्यांत ४ च वनस्पती होत्या, तर ३६ भागिले ३९, म्हणजे ०.९२; तापासाठी ४० उल्लेखांत ३० वनस्पती आल्या, तर १० भागिले ३९, म्हणजे ०.२६. पहिल्या गटात लोकांचे एकमत आहे, दुसऱ्यात जो तो आपले सांगतो आहे. कोणती वनस्पती आधी प्रयोगशाळेत न्यावी हे ठरवण्यास याची मदत होते. पण हा आकडा एकमत मोजतो, गुण मोजत नाही. शिवाय ज्या औषधाची माहिती गावातील एकाच वैदूला आहे, ते या गणितात मातीमोल ठरते.

आणि तो वैदू सांगायला सहसा तयार नसतो. औषध दुसऱ्याला सांगितले की त्याचा गुण जातो, असा समज आपल्याकडे पक्का आहे. झाडातील रसायनाला कोणी कोणाला काय सांगितले हे कळत नाही, एवढे एकच उत्तर त्याला पुरे आहे. मात्र हा समज टिकून राहण्यामागे व्यवहारही आहे: गुपित हीच त्या माणसाची शिदोरी असते, आणि ते फुकट देऊन टाकावे असे म्हणणाऱ्या संशोधकाने त्याला बदल्यात काय दिले, हे विचारणे रास्त आहे.

छापल्याने काय होऊ शकते, याचा मुंबईतला दाखला सर्पगंधेचा आहे. तिच्या मुळाचा वापर वेडावर आणि निद्रानाशावर पूर्वापार होत असे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्याविषयी एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, परंतु बाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांचा रक्तदाब पद्धतशीर मोजून १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये निष्कर्ष छापले, ते बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आले, आणि १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळातून रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारे रसायन वेगळे काढण्यात आले. रेसर्पिनमुळे काही रुग्णांना नैराश्य येते, हेही कळले ते मोजमाप सुरू झाल्यामुळेच. या साखळीत डॉ. वकील यांचे नाव आहे, विल्किन्स यांचे आहे. मूळ कोणाकडून कळले, त्यांचे मात्र नाही.

हे अपरिहार्य होते असे नाही. १६७८ साली ॲमस्टरडॅममध्ये छापलेल्या ‘होर्टुस मलबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरील ग्रंथाच्या पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या वैद्याची आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट या तीन कोंकणी वैद्यांची प्रशस्तिपत्रे त्यांच्या नावांसह आहेत, आणि कोंकणी वैद्यांचे पत्र तर देवनागरीतच छापलेले आहे. आज तीनशेहून अधिक वर्षांनी एखाद्या निबंधात ‘एका वृद्ध कातकरी महिलेने दिलेल्या माहितीनुसार’ एवढ्यावर भागवले जाते, तेव्हा ती गुप्तता त्या बाईने मागितली होती की लेखकाच्या सोयीची होती, हे संपादकांनी विचारले पाहिजे. पैसे भरले की आठवड्यात निबंध छापणारी जी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिके निघाली आहेत, ती असले काहीच विचारत नाहीत, नमुन्याचा क्रमांकही नाही.

सरकारी पातळीवर २००१ पासून उभारलेल्या पारंपरिक ज्ञान डिजिटल ग्रंथालयाने आयुर्वेद, युनानी आणि सिद्ध ग्रंथांतील औषधांचे योग इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणून पेटंट परीक्षकांपुढे ठेवले, आणि त्याचा उपयोग होतो. पण त्याचा आधार मुळात ग्रंथ आहेत. ज्यांनी कधी ग्रंथ लिहिला नाही, त्या वारली, ठाकूर, कातकरी समाजांचे ज्ञान त्याच्या कक्षेबाहेरच उरते. ते टिपण्यासाठी २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे तिथल्या जीवसृष्टीच्या आणि तिच्याविषयीच्या लोकज्ञानाच्या वह्या, ठेवण्याची तरतूद झाली. याच कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनुसार ‘संहिताबद्ध’ पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्या भारतीयांना लाभवाटपातून, म्हणजे ज्ञान जपणाऱ्यांना फायद्याचा वाटा देण्यातून, सूट मिळाली असून, औषधे व प्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांवरून घेतलेले ज्ञान, अशी संहिताबद्ध या शब्दाची व्याख्या आहे. त्या यादीत शोधनिबंध नाहीत. त्यामुळे कातकरी वस्तीतील औषध एखाद्या विद्यार्थ्याने नियतकालिकात छापले, म्हणून त्या वस्तीचा लाभातील वाटा या तरतुदीने जात नाही. मात्र तो वाटा मागताना हातात दाखवण्यासारखे काही हवे, आणि ते म्हणजे दिनांक, नमुना क्रमांक आणि सांगणाऱ्याचे नाव असलेला तोच निबंध.