दोघांची शुगर सारखी, मग पाय एकाचेच बधिर का?

खानापूर तालुक्यात माझे दोन मामा आहेत. शुगर दोघांनाही, गोळ्या जवळपास त्याच, तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडाही उन्नीस-बीस. गेल्या पावसाळ्यात धाकटे मामा भाताच्या चिखलातून घरी आले, तेव्हा मामीनं उंबऱ्यातच विचारलं, "एक चप्पल कुठं टाकलासा?" चप्पल वाटेत निसटली होती आणि टाचेत काटा मोडला होता. मामांना दोन्ही कळलं नव्हतं. मोठ्या मामांचे पाय मात्र ठणठणीत.

"पथ्य पाळलं नसेल," असं सगळे म्हणाले. हे मला फार लागलं, कारण ते खरं नाही.

पायाच्या अंगठ्याची संवेदना नेणाऱ्या पेशीचं मूळ कण्याजवळ असतं आणि तिचा तंतू जवळजवळ मीटरभर लांब. लागणारी प्रथिनं बहुतेक मुळाशी तयार होतात; वेगवान वाहतूकही दिवसाला ४० सेंटिमीटरच्या आसपासच. म्हणून नुकसान आधी टोकाला, तळपायात दिसतं. या तंतूवर सोडियमची दारं असतात. दार उघडलं की सोडियम आत घुसतो, संदेश पुढं सरकतो. मग पंप तो बाहेर काढतात, आणि त्यांना ऊर्जा लागते. वाढलेल्या साखरेनं ऊर्जेचं हे कामच बिघडतं. सोडियम आत साचला की त्याला कॅल्शियमच्या बदल्यात बाहेर काढणारी यंत्रणा उलटी फिरते, कॅल्शियम आत येतो आणि तंतू आतून कुरतडणारी विकरं जागी होतात. म्हणजे दारं कशी आहेत, किती गळतात, यावरही बरंच ठरत असावं. आणि दारांचा आराखडा जनुकांत असतो.

अशी पाच जनुकं दुसऱ्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी आहेत. अमेरिका-कॅनडातल्या टाइप २ मधुमेहींच्या अभ्यासात २०१९ मध्ये त्यांतल्या एससीएन-२-ए जवळचा एक फरक सापडला. तो असलेल्यांत मज्जातंतूंचं नुकसान कमी आढळलं. शेजारचं एससीएन-९-ए वेदनेचं दार बनवतं. २००६ मध्ये उत्तर पाकिस्तानातल्या तीन कुटुंबांत ते पूर्ण निकामी असलेली माणसं आढळली. हा शोध सुरू झाला तो रस्त्यावर खेळ करणाऱ्या एका मुलामुळं. तो निखाऱ्यांवरून चालायचा, पण त्याला दुखतच नसे. चौदावा वाढदिवस येण्याआधी छपरावरून उडी मारल्यानं त्याचा जीव गेला.

निखाऱ्यांचं मुद्दाम लिहितोय. मामीला एकीनं यात्रेत मामांना निखाऱ्यांवरून चालवायचा नवस बोलायला सांगितलं होतं. लाकडाचा निखारा उष्णता सावकाश देतो, पाऊल झटकन उचललं तर बहुतेक जण बचावतात. बधिर पाय झटकन उचलला जात नाही, आणि भाजलेलं कळतही नाही. कृपा करून असला नवस कुणाला सुचवू नका. जनुकीय चाचणीच्या जाहिरातींनाही भुलू नका. तो २०१९चा फरक युरोपीय वंशाच्या लोकांत दिसला. शिवाय अशा एकेका फरकाचा वाटा छोटा असतो, त्यावरून एका माणसाचं भविष्य सांगता येत नाही.

त्यापेक्षा बधिरपणा तपासायचा, दहा ग्रॅमच्या दाबानं वाकणारा नायलॉनचा दोरा बरा. तो वाकेपर्यंत डॉक्टर तळव्यावर टेकवतात, रुग्णानं डोळे मिटून स्पर्श कळला की सांगायचं. नंतर मी दोघांनाही बेळगावला नेलं. मोठ्या मामांनी दोरा टेकताच पाय ओढून घेतला. धाकटे मामा डोळे मिटून थांबले होते. चौथ्यांदा दोरा वाकला तेव्हा त्यांनी विचारलं, "लावलासा काय, डॉक्टर?"