टेम्प्लेट एकदा निवडलं की अडकलात? नाही हो!

अझ्युअर डेव्हऑप्समध्ये (सॉफ्टवेअर टीमच्या कामाची नोंद ठेवायचं मायक्रोसॉफ्टचं साधन) प्रोजेक्ट बनवताना बेसिक, अजाइल, स्क्रम की सीएमएमआय यापैकी कुठलं टेम्प्लेट, म्हणजे कामाची तयार चौकट (तिलाच प्रोसेस म्हणतात), हवं असं विचारतात आणि कुणीतरी हमखास सांगतं की नीट निवडा, नंतर बदलता येत नाही. क्लाउडवर तरी हे खरं नाही, चालू प्रोजेक्टची प्रोसेस बदलता येते, फक्त मग जुने वर्क आयटम (म्हणजे कामाच्या नोंदी) आणि बोर्डचे (कामं टप्प्यांनुसार दाखवणाऱ्या फलकाचे) कॉलम आपल्यालाच नवीन प्रोसेसशी जुळवून घ्यावे लागतात, ते काम कंटाळवाणं आहे खरं.

दुसरा गैरसमज, स्प्रिंट (कामाचे ठरावीक छोटे कालखंड) हवे तर स्क्रमच घ्या! अहो स्प्रिंट आणि बोर्ड चारही टेम्प्लेटमध्ये मिळतात. फरक आहे तो मुख्यतः आयटमचे प्रकार, त्यांच्या स्टेट (काम कुठल्या टप्प्यात आहे ते) आणि फील्डमध्ये (माहिती भरायचे रकाने). अजाइलमध्ये यूझर स्टोरी, स्क्रममध्ये प्रॉडक्ट बॅकलॉग आयटम, सीएमएमआयमध्ये रिक्वायरमेंट आणि वर चेंज रिक्वेस्ट, रिस्क वगैरे, ज्यांना औपचारिक नोंदी ठेवाव्याच लागतात त्यांच्यासाठी. बेसिकमध्ये एपिक, इश्यू, टास्क, संपलं. छोट्या टीमला माझ्या मते तेवढं पुरतं, पण बग वेगळा मोजायचा असेल तर त्यात बग हा प्रकारच नाहीये.

आणि एखादं फील्ड कमी पडलं तर मूळ टेम्प्लेट एडिट होत नाही, त्यावरून इनहेरिटेड प्रोसेस (मूळ टेम्प्लेटवर आधारलेली आपली स्वतःची प्रोसेस) बनवा आणि तिच्यात हवं ते टाका.