आत्मपरीक्षण की आत्मसमर्थन?

कामाच्या ठिकाणी एका सहकाऱ्याने कामं वाटून घेण्याची नवी पद्धत सुचवली. ती मला पटली नाही. का पटत नाही, हे आदल्या रात्री मी स्वतःला शांतपणे विचारलं आणि वहीत पाच कारणं लिहून काढली. बैठकीत पहिलं कारण दोन मिनिटांत निकालात निघालं. मग दुसरं. चौथं वाचताना तर माझं मलाच हसू आलं. तरी माझा विरोध जागचा हलला नाही. मी मनातल्या मनात सहावं कारण शोधायला लागलो, तेव्हा कुठे ट्यूब पेटली: विरोध आधी ठरला होता, यादी नंतर झाली होती.

त्या रात्री मी जे केलं त्याला मी आत्मपरीक्षण समजत होतो. ते होतं आत्मसमर्थन. या दोन्हींची गल्लत व्हावी यात नवल नाही. दोन्ही एकट्याने, गप्प बसून होतात. दोन्हींत प्रश्न एकच, ‘मला असं का वाटतं?’ आणि उत्तर देणारा आवाजही आपलाच. फरक एवढाच, की परीक्षणात मत कुठून आलं याचा माग काढायचा असतो, तर समर्थनात आलेल्या मताला वकील मिळवून द्यायचा असतो. हा वकील इतका तत्पर, की आपण त्याला बोलावलं होतं हेही आठवत नाही.

रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1977 साली एका लेखात असाच एक प्रयोग मांडला. टेबलावर नायलॉनच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले आणि लोकांना त्यांतला सर्वांत चांगला निवडायला सांगितला. चारही जोड अगदी एकसारखे होते. तरी सर्वांत उजवीकडचा जोड सर्वांत डावीकडच्यापेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. का निवडला, असं विचारल्यावर जागेचं नाव कुणीच आपणहून काढलं नाही. जागेचा परिणाम झाला असेल का, असं थेट विचारलं तर जवळपास सगळ्यांनी तो नाकारला. वर विचारणाऱ्याकडेच काळजीने पाहिलं!

यातलं कुणीही खोटं बोलत नव्हतं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 2005 साली स्वीडनमध्ये पेटर योहान्सन, लार्स हॉल आणि सहकाऱ्यांनी याहून गमतीची गोष्ट केली. दोन चेहऱ्यांच्या फोटोंतला एक निवडायला सांगायचा आणि हातचलाखीने नाकारलेला फोटोच पुढे करून ‘हा का आवडला?’ असं विचारायचं. बहुतेक वेळा ही अदलाबदल लक्षातच आली नाही, आणि लोकांनी न निवडलेल्या चेहऱ्याची कारणं सांगितली. अशा वेळी ‘मी यावर नीट विचार केलाय’ या खात्रीला कितीसा अर्थ उरतो?

मग दोन्ही ओळखायची कशी? मला कामी आलेली खूण बैठकीतलीच आहे. कारण पडलं की मत थोडं तरी डळमळायला हवं. पाचही कारणं पडून मत ठणठणीत उभं असेल, तर ते दुसऱ्याच कशावर तरी उभं आहे. दुसरं म्हणजे, ‘का’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवायचा. ‘का’ म्हटलं की वकील उठून उभा राहतो. त्याऐवजी विचारावं: हे मत माझ्याकडे कधीपासून आहे? पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकलं? हीच सूचना दुसऱ्या कुणी केली असती तर? काय दिसलं तर मी ते सोडेन? या प्रश्नांना भाषण चालत नाही, तपशील लागतो.

‘दुसऱ्या कुणी केली असती तर’ या प्रश्नाने माझी विकेट काढली. ती पद्धत मांडण्याआधी मला कुणी विचारलं नव्हतं. एवढंच होतं. पाचही कारणांत या गोष्टीचा उल्लेख नव्हता.

सगळ्यांच्या विरुद्ध मत असलं म्हणजे ते स्वतःचं, असाही एक समज असतो. गर्दी डावीकडे गेली म्हणून उजवीकडे वळणाऱ्याची दिशासुद्धा गर्दीच ठरवते, तेव्हा त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही. स्वतःला झोडपत बसणं हेही परीक्षण नव्हे. ‘मी आहेच असा’ म्हटलं की शोध तिथेच थांबतो.

समर्थनाला मात्र मी सरसकट वाईट म्हणणार नाही. मताचा उगम कोता निघाला म्हणून मत चुकीचं ठरत नाही. रुसव्यातून सुचलेला मुद्दाही बरोबर असू शकतो; तो वेगळा तपासावा लागतो. मी पुढच्या बैठकीत विरोध मागे घेतला, पद्धत लागू झाली, बरी चालली आहे. यादीतलं तिसरं कारण मात्र मी अजून खोडलेलं नाही.