दातांवरून घोड्याचे वय : पाच वर्षांपुढचा वाद

1844 च्या एप्सम डर्बीत पहिला आलेला ‘रनिंग रेन’ हा खरे तर चार वर्षांचा ‘मॅकाबियस’ आहे, असा आरोप झाला. शर्यत होती तीन वर्षांच्या घोड्यांची. प्रकरण न्यायालयात गेले आणि न्यायाधीशांनी घोडाच हजर करा म्हटले. तोंड उघडताच निकाल लागला असता : तीन वर्षांच्या घोड्याच्या प्रत्येक जबड्यात पुढच्या कायमच्या दातांची सहसा एकच जोडी असते, चार वर्षांच्याला दोन. घोडा काही हजर झाला नाही. विजय दुसऱ्या आलेल्या ‘ऑर्लँडो’ला मिळाला.

दात पाहून वय सांगण्याची विद्या तेव्हाही जुनीच होती. सहाव्या शतकातल्या एका संस्कृत ज्योतिषग्रंथात सहा पांढरे दात असलेले ते शिंगरू, तेच दात तांबूस झाले की दोन वर्षांचे, आणि पुढे दात पडून नवे येण्याच्या क्रमाने तीन, चार, पाच वर्षे, असा हिशेब आहे. पाचानंतर मात्र काळा, पिवळा, पांढरा, काचेसारखा अशा पायऱ्या येतात आणि प्रत्येकीला सरसकट तीन वर्षे. पाचापर्यंत निरीक्षण, पुढे ठोकताळा. ही फट नंतरही बुजली नाही.

एकोणिसाव्या शतकात पाचापुढची मुख्य खूण होती दाताच्या माथ्यावरची खळगी. खालच्या जबड्यात ती साधारण सहा, सात, आठ या वर्षी मधल्या दातांपासून कडेकडे नाहीशी होते. घोडेव्यापाऱ्यांनी त्यावरही तोड काढली : म्हाताऱ्या घोड्याच्या दातावर नवी खळगी कोरायची आणि डाग देऊन ती काळी करायची.

कोरता येणार नाही अशा खुणेची गरज असतानाच, 1880 च्या दशकात, ब्रिटनमध्ये जाहीर प्रात्यक्षिके करणाऱ्या एका अश्वप्रशिक्षकाने वरच्या कडेच्या दातावरची उभी खाच पुढे आणली. त्याचा तक्ता असा : दहाव्या वर्षी ती हिरडीपाशी दिसू लागते, पंधराव्या वर्षी निम्म्या दातापर्यंत उतरते, विसाव्या वर्षी पूर्ण लांबीची होते, मग वरून पुसट होत पंचविसाव्या वर्षी निम्मी उरते आणि तिसाव्या वर्षी जाते. तीस वर्षांपर्यंतचे वय ‘अचूक’ सांगण्याचा त्याचा दावा होता. पाच-पाच वर्षांचा इतका नेटका हिशेब पाहूनच खरे तर संशय यायला हवा होता. झाले उलटेच : पाठांतराला सोपा म्हणून तक्ता पाठ्यपुस्तकांत शिरला आणि खाचेला त्या प्रशिक्षकाचे नाव कायमचे चिकटले.

त्याची कसून तपासणी व्हायला 1990 चे दशक उजाडले. जन्मनोंद असलेल्या घोड्यांचे दात पाहता खाच काहींना लवकर, काहींना उशिरा, तर काहींना नीट दिसतच नव्हती. सातव्या वर्षाची खूण मानला जाणारा वरच्या कडेच्या दाताचा हुकसारखा वाकलेला कोपराही असाच बेभरवशाचा निघाला. अरबी घोड्यांचे दात ओढकामाच्या जातींपेक्षा सावकाश झिजतात, हेही त्याच काळात मोजले गेले. म्हणजे एकच तक्ता सगळ्यांना लावणेच चूक. चारा आणि वाळूमिश्रित कुरणाचा परिणाम वेगळाच.

युरोपीय संघात 1 जुलै 2009 पासून नव्याने ओळखपत्र घेणाऱ्या घोड्यांना मायक्रोचिप सक्तीची झाली, त्यामुळे नोंद असलेल्या घोड्याचे वय कागदावरूनच कळते. दात उरले ते बिनकागदी घोड्यांसाठी, आणि तिथेही पाचापुढे एक आकडा न देता वयाची कक्षा सांगणेच रास्त.